राजम आत्याची कट्टी

हिंगाचा खडा अंगठ्याखाली दाबून पाहिला — वाटाण्याएवढा, चिकट, वरून किंचित नरम आणि आत कुठेतरी दगड — आणि शांभवीचा हात तसाच हवेत राहिला. गॅसवर रसमाला कडेने फेस चढत होता. आता खडा पडायला हवा होता, पडला नाही. काल संध्याकाळी दुकानदाराने विचारलं होतं, कट्टी देऊ की पूड, आणि तिने मान वर न करता सांगितलं होतं, कट्टी. कट्टी पेरुंगायम म्हणजे खडा हिंग. कट्टी म्हणजे खडा, ढेकूळ, गोळा, गाठ... तंजावरात केस पांढरे केलेल्या बाईला एवढं तमिळ कोणी शिकवायला नको. रोजचा शब्द. साबणाची वडी कट्टी, गुळाची ढेप कट्टी. मग आजच तो असा तळहातावर जड होऊन का बसावा —

राजमला कट्टी होती.

हे वाक्य कोणाचं? सासूबाईंचं. लग्नाचं पहिलं वर्ष; मिरजेची ही नवी सून माजघरात केळफूल सोलायला बसलेली, बोटं काळी झालेली, आणि सासूबाई आपल्या त्या तंजावरी मराठीत बोलत होत्या — ‘सांगितलं’चं ‘सांगट्लें’, शेवटी तमिळसारखा वर चढणारा सूर. त्या भाषेतलं अर्धं तिला कळायचं आणि अर्धं कळल्यासारखं वाटायचं. घात केला तो या दुसऱ्या अर्ध्याने. ‘राजमला कट्टी होती,’ सासूबाई म्हणाल्या, ‘भागीरथी शेवटपर्यंत तिच्या खोलींत गेली नाहीं.’ राजम आणि भागीरथी, सासऱ्यांच्या दोघी बहिणी, रघुरामच्या आत्या. आणि मिरजेच्या शाळेच्या व्हरांड्यात करंगळी दाखवून ज्या पोरीने शेकड्याने कट्ट्या घेतल्या आणि मधल्या सुट्टीनंतर मोडल्या, तिने लगेच मनात नोंद केली: दोघी बहिणींची कट्टी. मरेपर्यंत. धाकटी मरणाऱ्या बहिणीचं तोंडसुद्धा बघायला गेली नाही. काय माणसं म्हणायची ही.

मग सासूबाई आणखी म्हणाल्या होत्या... हो, म्हणाल्या होत्या. सासऱ्यांच्या आईलाही कट्टीच होती. आणि तिने केळफुलाचा एक दांडा टाकत मनात म्हटलं होतं, म्हणजे अबोला धरायची खोड रक्तातच आहे यांच्या.

रक्तातच.

रसम उतू गेलं.

तिने गॅस बंद केला. खडा अजून हातातच होता. तमिळ तर आपण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच शिकलो, भाजीवालीशी भांडण्याइतकं शिकलो, मग तेव्हाच ही नोंद पुन्हा काढून का नाही पाहिली? पण माणूस नवा शब्द शिकतो तेव्हा जुनी वाक्यं थोडीच तपासायला बसतो. ती आत कुठेतरी पडून राहतात, आपल्या चुकीच्या अर्थाला धरून, आणि अर्थ असा ऐसपैस की वर्षानुवर्षं त्यावर माणसं पारखून घेता येतात. शांभवीने घेतली होती. माहेरी गेली की ती हीच गोष्ट सांगायची — आमच्याकडे बायका भांडणाने मरतात हो, रोगाबिगाची गरज पडत नाही — आणि मिरजेची माणसं पोट धरून हसायची. मिरजेत रिक्षावाल्यालाही चार रोगांची नावं आणि आठ डॉक्टरांचे पत्ते पाठ. तिथे वाढलेल्या मुलीला हे सुचणारच कसं, की एखाद्या घरात आजाराचं नाव घेतच नाहीत. नुसतं गाठ म्हणतात आणि पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं.

आणि परवा हीच गोष्ट तिने हरिताला सांगितली. हसत सांगितली.

हरिताचा चेन्नईहून फोन आला होता. तिच्या ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली. छातीचा फोटो काढला, तो आधी म्हणे यंत्राने वाचला आणि मग डॉक्टरने, आणि दोघांचं एकमत झालं की काही नाही. शांभवीने सुटकेचा श्वास सोडला, पण मुलगी थांबली नव्हती. त्या डॉक्टरणीने विचारलं होतं, घराण्यात कोणाला होतं का, आईकडे, वडलांकडे. कोणाला नसेल तर चाळिशीला या, बाकीच्यांसारख्या. असेल तर रस्ता वेगळा. मग आत्तापासूनच लक्ष ठेवायचं, रक्त किंवा थुंकी घेऊन बघायचं. ‘नीट विचार करून सांग, अम्मा,’ हरिता म्हणाली होती. ‘अप्पांच्या सैडला कोणी? ब्रेस्ट, ओव्हरी, कांहीं पण.’

आणि अम्माने विचार न करता सांगून टाकलं. माझ्याकडे साखर आणि गुडघे. अप्पांकडे अबोला. निश्चिंत राहा. हरिता हसली; म्हणाली, शनिवारी संध्याकाळी त्या डॉक्टरणीकडची सल्लागार बाई बोलणार आहे, तिला तेंच सांगतें.

आज शनिवार.

रघुराम मागच्या अंगणात स्कूटरचा आरसा पुसत होता. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्याने घरातली प्रत्येक चकचकीत वस्तू पुसून पातळ करत आणली होती. शांभवी दारात उभी राहिली. विचारावं कसं, याची तिने मनात दोन-तीन वाक्यं जुळवली, मोडली.

“अहो, राजम आत्या कशाने गेल्या?”

“कट्टी,” तो आरशातूनच म्हणाला. मग वळला. “तुला ठाऊक नाहीं?”

तिने सांगितलं तिला काय ठाऊक होतं ते. करंगळी वगैरे. तो आधी बघत राहिला, मग हसू लागला, खरं खरं, खांदे हलवत — राजम आत्या आणि भागीरथी आत्या, दोघी भांडून... अगं, तूं पण... आणि हसता हसता त्याचं फडकं आरशावर थांबलं. हरिताच्या फोनचं शांभवीने जेवताना सांगितलंच होतं त्याला. तेव्हा त्याने मान डोलवली होती. भाताकडे बघत. मुलीच्या छातीचा विषय, बापाने आणखी काय करायचं होतं? आणि हा प्रश्न बायकांच्या बाजूचा आहे, आईकडून मुलीकडे जाणारा, अशी त्याची समजूत; शांभवीचीही तीच. राजम बाईमाणूस, आजी बाईमाणूस, पण मधे दोन पुरुष उभे — सासरे आणि हा. पुरुषांच्या अंगातून असलं काही जातं, हे हरितानेच सांगितलं होतं परवा, ओझरतं. निरोप्यासारखं. निरोप्याला पत्रातलं काही कळत नाही, पण पत्र पोचतं.

“आजीलापण तेंच,” रघुराम म्हणाला. तो पायरीवर बसला. फडक्याची घडी घातली, मोडली. मग म्हणाला, “म्हणजे माझ्यांतून गेलें असेल?”

आता खरं तर शांभवीच्या हिशोबाची वेळ होती. हरिता जन्मल्यापासून हा जमाखर्च चालू होता — नाक तुमचं, रंग आमचा, गणित तुमचं असलं तरी चालढकल कोणाची ते सगळ्या गावाला माहीत आहे. चष्मा लागला तेव्हा तिने मिरजेच्या सात पिढ्या बिनचष्म्याच्या असल्याचं सिद्ध केलं होतं. या घरात तिच्याइतकं चोख खातं कोणी ठेवलं नव्हतं, आणि आता एवढी मोठी रक्कम आपण होऊन समोर येऊन बसली होती, पायरीवर, हातात फडकं घेऊन... आणि तिला ती कुठे मांडावीशीच वाटेना. मी यांना काय देऊ शकते आत्ता? जेवण देऊ शकते.

“गेलं असेल, नाहीतर नसेलही,” ती म्हणाली. “अर्धं-अर्धं असतं, हरिता म्हणत होती. जेवून घ्या. मी पापनाशमला जाऊन येते.”

भागीरथी आत्या पापनाशमला मुलाकडे राहत होत्या. फोनवर त्यांना ऐकू येत नसे. आणि त्या बाईंना काय काय विचारायचं ते शांभवीला मिरजेच्या मुलीसारखं झटकन उमगलं होतं: कुठे होती, किती वयाला, आणखी कोणाला. रघुराम तेव्हा पोर होता. त्याला आजोळी पाठवून दिलेलं.

बस अर्धी रिकामी होती. खिडकीबाहेर भाताची हिरवळ आडवी पसरलेली, मधेच एखादा बगळा, मधेच विटांची भट्टी. शांभवीने डोळे मिटले तर भागीरथी आत्याच दिसू लागल्या — या घरातल्या प्रत्येक कार्याला आलेल्या, कोपऱ्यात पाठ ताठ करून बसलेल्या. आणि शांभवी त्यांच्याशी कशी वागली होती? वाईट नाही. वाईट वागायला ती अडाणी नव्हती. फक्त कॉफी सगळ्यांना देऊन झाल्यावर त्यांना, जराशी कोमट झालेली. बोलणं आवश्यक तेवढं. साडीचा रंग निवडताना त्यांना नेहमी राखाडी. एकदा त्यांनी हरिताला जवळ ओढून दंडावरून हात फिरवला, तेव्हा शांभवीने पोरीला काहीतरी काम सांगून उठवलं होतं... मरणाऱ्या बहिणीकडे न गेलेला हात. मला वाटायचं, या घरात न्याय करणारं माझ्याशिवाय कोण आहे. कोणी नेमलं नव्हतं म्हणा मला.

आत्या ओट्यावर बसल्या होत्या, चिंचेचे आकडे फोडत. सून देवळात गेलेली.

“ये. बस. उन्हांत कां आलीस?” आणि लगेच, डोळे बारीक करून, “कोण गेलें?”

कोणी गेलं नाही, शांभवी मोठ्याने म्हणाली. मग दोन घरं पलीकडे ऐकू जाईल म्हणून जवळ सरकली आणि कानाशी तोंड नेऊन विचारायला लागली. किती वर्षांत ती यांच्या एवढी जवळ बसली नव्हती. खोबरेल तेलाचा आणि चिंचेचा वास आला. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, चिंचोका बाजूला टाकला. मग सांगू लागल्या, सावकाश, जणू कोणीतरी कधीतरी विचारेल म्हणून तयार करून ठेवलेलं.

राजमला डाव्या बाजूला. हरिता आत्ता आहे त्याच्या जरा पुढचं वय. पहिल्यांदा कळलं तेव्हा हाच चिंचोका, एवढा. कोणाला दाखवणार? वैद्याला पुरुष म्हणून नाही, नवऱ्याला नवरा म्हणून नाही. आईलाही तसंच झालं होतं, तेव्हापासून राजमला ठाऊक होतं की हे काय. म्हणून तर लपवलं. लेप बांधले. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरने वडलांना बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं आणि वडील परत येईपर्यंत म्हातारे झाले होते. राजमला माहेरीच ठेवून घेतलं. त्यानंतर घरात कट्टी एवढंच म्हणायचे. दुसरं नाव घेतलं की दुसऱ्याला धरतं म्हणून.

“मी पोटुशी होतें,” आत्या म्हणाल्या. “मला खोलींत सोडले नाहींत. लागतें म्हणून. मी मागच्या खिडकीशीं उभी राहायची. ती आंतून हात करायची, जा म्हणून.” त्यांनी तो हात करून दाखवला, बोटांनी, माशी हाकलल्यासारखा. “ओरडायचीपण. उन्हांत उभी राहूं नको, मूर्ख.”

 ती खिडकी शांभवीला माहीत होती, तिच्याच घराची. तिथे आता पाण्याची मोटर बसवली आहे.

सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. न सांगता बसमध्ये बसता आलं नसतं. मला वाटलं होतं, आत्या, की राजम आत्यांची कट्टी म्हणजे... आमच्याकडे मुलं घेतात ती. बोलायचं नाही. अबोला.

आत्यांना समजायला वेळ लागला. “कोणाशीं?”

“तुमच्याशी.”

म्हाताऱ्या बाईचा चेहरा काही क्षण तसाच राहिला. मग गालाचं एक टोक हललं. “आतां कळलें,” त्या म्हणाल्या, “कापी कां गार असायची.”

आणि त्या हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या, शांभवीच्या गुडघ्यावर थापा मारत. शांभवीला हसावं की रडावं कळेना. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. ठाऊक होतं तर यांना. मोजत होत्या. या घरात खातं ठेवणारी मी एकटीच नव्हते...

मग आत्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं की आता काय करतात याला. शांभवीने सांगितलं, जसं हरिताने सांगितलं होतं तसं, आणि जिथे नीट कळलं नव्हतं तिथे आपल्या पदरचं. राजवाड्याच्या ग्रंथालयात जुन्या पोथ्या आहेत ना, एकीवरून दुसरी उतरवलेल्या. पहिल्याने एक अक्षर चुकवलं तर पुढचे सगळे तेच चुकलेलं अक्षर मन लावून उतरवतात. तसं अंगातही असतं. थुंकी घेऊन ते अक्षर आहे का बघतात. प्रत्येक पोराला ते मिळतंच असं नाही. तुम्हाला मिळालेलं दिसत नाही. आधी हरिताच्या अप्पांची थुंकी बघतील. यांच्यात नसेल तर हरिताकडे यांच्याकडून ते गेलेलंच नाही. असेल तर हरिताची. आणि तिच्यात निघालं तरी ते दुखणं नव्हे. दुखणं कुठून येऊ शकतं ते कळणं आहे. मग दर वर्षी मोठ्या यंत्रात आत बघतात, हाताला लागायच्या कितीतरी आधी, तांदळाच्या दाण्याएवढं असलं तरी दिसतं. औषधं आहेत. आणखी पुढे नुसत्या रक्तावरून कळेल म्हणतात, गाठ धरायच्याही आधी. त्यावर कामं चालू आहेत.

“गाठ नसतांना?” आत्यांनी विचारलं.

“नसतानाच. तेव्हाच तर उपयोग.”

आत्यांनी हातातला आकडा खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या की राजम गेली त्या वर्षापासून त्या रोज आंघोळीला दार लावून चाचपून बघत आल्या. दोन्हीकडे, काखेतसुद्धा. कोणी शिकवलं नव्हतं, भीतीने. रोज वाटायचं आज लागेल. सून समजते म्हातारीला आंघोळीला फार वेळ लागतो. हे सांगून झाल्यावर त्या पुन्हा चिंच फोडू लागल्या, आणि फोडता फोडता, खाली बघत म्हणाल्या, “त्या पोरीला रोज भ्यायला नको म्हण. वर्षांत एक दिवस भ्यायचें, जाऊन दाखवायचें, परत यायचें. बाकी दिवस आपले.” थोड्या वेळाने आणखी म्हणाल्या, “माझी थुंकी पाहिजे असल्यास घेऊन जा. आहे तोंवर.”

बसस्टँडवर शांभवीने हरिताला फोन लावला. वाक्यं जुळवायला वेळच नव्हता, संध्याकाळ झाली होती. सांगून टाकलं: परवा चुकीचं सांगितलं, राजम आत्याला होतं, पणजीला होतं, डाव्या बाजूला, वयं ही अशी, गोंधळ माझा.  पलीकडे चेन्नईतली कुठलीतरी लिफ्ट बोलत होती. शांभवीने स्टँडच्या खांबाला हात लावला.

“ओके,” हरिता म्हणाली. श्वास ऐकू आला. “ओके, अम्मा. हें कळलें तें बरें झालें. मी बाईला सांगतें.” मग जरा थांबून, लहानपणी अंधारात विचारायची त्या आवाजात, “अम्मा, तूं भ्यालीस?”

“नाही,” शांभवी म्हणाली. मग म्हणाली, “हो. थोडी.”

“मीपण थोडी.” आणि मग तिचा तो नेहमीचा, बापाकडून आलेला कोरडा सूर परत आला. “अप्पांनीं दुपारीं फोन केला. थुंकायच्या आधी कापी प्यायची कां नाहीं, विचारले. तेवढेंच. बाकी कांहीं बोलले नाहींत. मला कांहीं समजलें नाहीं. ‘अम्मा घरीं नाहीं’ म्हणाले आणि फोन ठेवला.”

परतीच्या बसमध्ये शांभवीला खिडकीची जागा मिळाली. ऊन उतरलं होतं, बांधावरून बायका घरी चालल्या होत्या. काय निघेल कोण जाणे. अर्धं-अर्धं आणि पुन्हा त्याचं अर्धं. हे गणित तिने दोनदा करून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण ते काहीही आलं तरी पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं, आणि ठरलेलं आहे हेच मुळी तिला नवीन होतं. राजमपुढे काय ठरलेलं होतं? एक खिडकी. मुलीची काळजी करायची म्हणजे आजवर तिला एकच करता यायचं — मुलीशिवायचं घर डोळ्यांपुढे आणायचं आणि घाबरून मिटून टाकायचं. सगळ्याच आया करत असतील. आत्ताही तिने त्याच बाजूने जायला सुरुवात केली, सवयीने, आणि वाटेत कुठेतरी भलतंच दिसलं.

हरिता म्हातारी दिसली. चांगली सत्तरीची, सुटलेली, केस कापून टाकलेले, चष्मा नाकावर. कोणाला तरी दरडावत होती. वर्षातून एकदा यंत्रात जाऊन येऊन कंटाळलेली, यंदा नाही जात म्हणून हट्ट करणारी. स्वयंपाकघरातली माझी पितळी भांडी काढून टाकायला निघाली आहे ही बया... अगं, ती ठेव, ती मिरजेहून आणलेली, शांभवी म्हणाली; हरिता म्हणाली, कोण घासणार, अम्मा; आणि शांभवीचे ओठ हलले, शेजारच्या बाईने वळून पाहिलं, पण आता मागे हटायचं नव्हतं. ती भांडत राहिली. मुलगी तिच्याहून म्हातारी दिसत होती आणि मुळीच ऐकत नव्हती. मधेच तिच्या लक्षात आलं की तेव्हा आपण नसणारच, कधीच्या गेलेल्या असू — आणि हे किती बरं वाटलं तिला, आधी मी, मग पुष्कळ वर्षांनी ती — सगळं जसं असायला हवं तसं, ओळीने.